फेडर म्हणजे अंतर: मंडईच्या नाटकासाठी संगणकावरचा ऑर्केस्ट्रा बसवताना

झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) नाटकाचं पार्श्वसंगीत संगणकावर करायला बसलं की ऐकणारा कुठे बसलाय हे आधी डोळ्यांसमोर आणावं लागतं. त्याच्या कानाला हेडफोन नाही. वडसा, ब्रह्मपुरी, साकोलीकडच्या एखाद्या गावात मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, रात्री तो कनातीच्या आत बसलाय. रंगमंचाच्या डाव्या बाजूला टॉप-बेसचा (स्पीकरच्या डब्यांचा) एक ढीग, उजव्या बाजूला दुसरा, मधे चाळीसेक फूट, आणि दोन्हीकडून येतोय तो एकच मोनो आवाज. डावीकडे बसलेल्याला उजवा ढीग जवळपास ऐकूच येत नाही. शिवाय रंगमंचाजवळ साथीला बसलेले ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड हेही त्याच आवाजात मिसळलेले.

आणि आपण ज्या प्रीसेटवर (आधीच जुळवून साठवलेल्या आकड्यांवर) ऑर्केस्ट्रा बसवतो ते बहुतेक सगळे हेडफोनवर किंवा दोन मॉनिटर स्पीकरच्या बरोब्बर मधे बसून ऐकायला केलेले असतात. प्रीसेटचं नाव 'फर्स्ट व्हायोलिन, फार लेफ्ट' किंवा 'हॉर्न्स, बॅक रो' असं काहीतरी असतं. लावला की खोलीत बसून ऐकताना डोळे मिटावेसे वाटतात. तोच मिक्स मंडईतल्या डब्यातून काढला की व्हायोलिन गायब, टिंपनी (मोठे नगारे) चिखलात, आणि नटाच्या वाक्यावर दोन सेकंद गुणगुण. या दिवाळीच्या आधी एका नाटकाचे अकरा तुकडे आम्ही असे बांधले, मोडले आणि पुन्हा बांधले. रुंदी मोनोत मरते आणि खोली टिकते, हे त्यात पक्कं कळलं. त्यामुळे आता वाद्यं डावी-उजवीकडे पसरवण्यात वेळ घालवत नाही, पुढे-मागे बसवण्यात घालवतो.

सामान साधं. ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, रीपर (रेकॉर्डिंग-मिक्सिंगचं सॉफ्टवेअर), दहा बाय बाराची खोली. भिंतींना चार कापसाच्या गाद्या उभ्या टेकवलेल्या, कुलर बंद. वाद्यांचे संच (खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले स्वर) दोन जातींचे: एक मोठ्या जागेत जागच्या जागी बसवून रेकॉर्ड केलेला, उदाहरणार्थ बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर (लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत झालेला), आणि दुसरे कोरडे, म्हणजे जवळून टिपलेले, स्वतःची जागा नसलेले. या दोन जाती ओळखणं ही पहिली पायरी, आणि निम्मी गडबड इथेच होते.

जागेवर रेकॉर्ड केलेल्या हॉर्नमध्ये त्या हॉलची भिंत आधीच असते. त्यावर 'बॅक रो' प्रीसेट लावला तर हॉर्न एका हॉलमध्ये वाजतो आणि तो हॉल दुसऱ्या हॉलमध्ये ठेवल्यासारखा होतो. ओळखायची खूण म्हणजे एक छोटा, जोरदार, तुटक स्वर वाजवून रेंडर करायचा (त्याची फाइल काढायची) आणि स्वर सुटल्यावर लाट किती वेळात २० डेसिबलने खाली येते ते मोजायचं. त्याला तीनने गुणलं की साधारण ६० डेसिबलचा, म्हणजे रिव्हर्बचा (जागेच्या घुमण्याचा) वेळ मिळतो. ०.५ सेकंदात २० डेसिबल पडलं तर १.५ सेकंद. कोरड्या संचात लाट कापल्यासारखी थांबते. संचांवर 'ओला' आणि 'कोरडा' असं लिहून ट्रॅकचा रंगच बदलून टाका, नाहीतर रात्री अकराला विसरायला होतं.

ओल्या संचाला पॅनही (डावी-उजवीकडे सरकवणं) करायचा नाही. तो मुळातच आपल्या खुर्चीवर बसलेला असतो. रीपरमध्ये ट्रॅकचा नेहमीचा पॅन 'स्टिरिओ बॅलन्स' असतो. तो डावीकडे फिरवला की उजवी बाजू फक्त बारीक होते, म्हणजे उजव्या भिंतीवरून आलेला आवाज फेकला जातो आणि जागा अर्धी कापली जाते. सरकवायचंच असेल तर पॅनवर उजवी क्लिक करून 'स्टिरिओ पॅन' निवडा, मग रुंदीची वेगळी कळ मिळते.

आता अंतराकडे. तयार प्रीसेटमध्ये 'दूर' करायला साधारण पाच गोष्टी एकदम केलेल्या असतात: आवाज कमी, वरचे सूर बोथट, स्टिरिओ अरुंद, थोडा उशीर, आणि रिव्हर्ब जास्त. फुकट मिळणाऱ्या प्रॉक्झिमिटी या प्लगइनमध्ये (रीपरला जोडायच्या छोट्या प्रोग्राममध्ये) या गोष्टी वेगवेगळ्या चालू-बंद करता येतात, म्हणून शिकायला ते उत्तम. एकेक बंद करून ऐकलं की कळतं, कानाला दूरपणा पटतो तो सरळ आवाज आणि भिंतींवरून आलेला आवाज यांच्या प्रमाणामुळे. बाकी सगळं फोडणीचं.

वरचे सूर बोथट करण्याचंच घ्या. २० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रतेला हवा ८ किलोहर्ट्झचा आवाज दर मीटरला ०.०८ डेसिबलपेक्षाही कमी शोषते. बारा मीटरला जेमतेम एक डेसिबल. प्रीसेट तिथे सहा डेसिबल कापून ठेवतो. हेडफोनवर ते 'लांब' वाटतं, पण मंडईच्या डब्यात वरचे सूर आधीच कमी, त्यातून टिंपनीची टक्क गेली की उरते ती ढुम्म. आम्ही मागच्या ओळीला ६ किलोहर्ट्झपासून वर २ डेसिबलचा हलका शेल्फ ठेवला, म्हणजे तिथून वरचं सगळं फक्त २ डेसिबलने कमी. त्यापुढे जायचं नाही.

उशीराचंही तसंच. आवाज २० अंशाला सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे मीटरला २.९ मिलिसेकंद. आठ मीटर मागे बसलेली टिंपनी २३ मिलिसेकंद उशिरा पोचेल. (मे महिन्यात ४५ अंशाला आणि जानेवारीच्या रात्री १२ अंशाला हाच आकडा २२.४ आणि २३.६ होतो, त्यात डोकं घालायचं नाही.) खऱ्या ऑर्केस्ट्रात मागचा वादक हे ओळखून किंचित आधी वाजवतो. संगणकाचा वादक नाही वाजवत. वरून संचांमधल्या स्वरांना स्वतःचा उशीर असतोच. म्हणून सरळ आवाजाला उशीर द्यायची कळ आम्ही सगळ्या ट्रॅकवर बंद ठेवली. ती चालू राहिली की तालवाद्यं ऑक्टोपॅडच्या मागे पडतात, आणि मग तो ऑक्टोपॅडवाला आपल्याकडे ज्या नजरेने बघतो ती वेगळीच.

प्रमाणाचं गणित आधी करून घ्यावं, मग कळ फिरवावी. हॉलमध्ये एक अंतर असं असतं की तिथे सरळ आवाज आणि परतून आलेला आवाज सारखा भरतो. हॉलचं घनफळ (घनमीटरमध्ये) भागिले रिव्हर्बचा वेळ (सेकंदात), त्याचं वर्गमूळ, गुणिले ०.०५७. व्हिएन्नाचा १८७० सालचा मुझिकफेराइनचा मोठा हॉल साधारण १५,००० घनमीटर आणि भरलेला असताना २ सेकंदांचा. त्याचं हे अंतर ४.९ मीटर येतं. आम्ही शेवटी १०,००० घनमीटर आणि १.४ सेकंद धरले, त्याचं येतं ४.८. म्हणजे दोन्हीकडे पाचच म्हणा.

पाच मीटरच्या पुढे अंतर दुप्पट झालं की सरळ आवाज ६ डेसिबलने पडतो, पण हॉलचा परतीचा आवाज जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे १० मीटरवर सरळ आवाज परतीच्या आवाजाच्या ६ डेसिबल खाली, ६ मीटरवर १.६ खाली, १२ मीटरवर ७.६ खाली. आख्खा ऑर्केस्ट्रा एवढ्या सहा डेसिबलच्या पट्ट्यात बसतो. प्रीसेटमधला रिव्हर्ब पहिल्या ओळीला १५ टक्के आणि शेवटच्या ओळीला ७० टक्के असला की तो गोदामासारखा का वाजतो ते यातून कळतं.

रीपरमध्ये हे करायची रीत आम्हाला फार आवडली. प्रत्येक वाद्याच्या ट्रॅकवरून रिव्हर्बच्या ट्रॅककडे जाणारा सेंड (आवाजाची प्रत नेणारी वाट) 'प्री-फेडर (पोस्ट-एफएक्स)' करायचा, म्हणजे प्रत प्लगइननंतर पण फेडरच्या (ट्रॅकच्या आवाजाच्या सरकत्या कळीच्या) आधी निघते. आता फेडर खाली ओढला की सरळ आवाज कमी होतो, रिव्हर्ब जागच्या जागी राहतो. म्हणजे फेडर आता आवाजाची कळ राहिली नाही, अंतराची कळ झाली. ती एकदा जुळवून घ्यावी लागते. ट्रॅकवर पिंक नॉइज (तपासणीसाठीचा सलग खळखळाट) लावा (रीपरसोबत येणाऱ्या जेएस प्लगइनमध्ये जनरेटर आहे), फेडर शून्य डेसिबलवर ठेवा, रिव्हर्ब बंद करून मास्टरचा आकडा लिहून घ्या. मग सरळ आवाज बंद करून फक्त रिव्हर्बचे ट्रॅक ऐका आणि सेंड कमीजास्त करून तोच आकडा आणा. झालं: शून्य म्हणजे ५ मीटर, उणे ६ म्हणजे १० मीटर, उणे ७.६ म्हणजे १२ मीटर.

या रीतीत वाद्य 'कमी पडतंय' वाटलं तर फेडरला हात लावायचा नाही. फेडर वर केला की ट्रॉम्बोन उठून पुढे व्हायोलिनच्या मांडीवर येऊन बसतो. त्याचा आवाज हवा असेल तर वाद्याच्या प्लगइनमधलाच व्हॉल्यूम वाढवा, म्हणजे सरळ आणि परतीचा दोन्ही वाढतात आणि वादक जागेवरच बसून जोरात वाजवल्यासारखा होतो. त्याहून चांगलं म्हणजे मिडीतल्या (संगणकाला स्वर सांगणाऱ्या भाषेतल्या) मॉड्युलेशनने, म्हणजे सीसी १ ने, खरोखर जोरात वाजवलेला नमुना उघडायचा. मोठा केलेला मंद स्वर आणि जोरात वाजवलेला स्वर यात फरक असतो, आणि तो कनातीच्या शेवटच्या ओळीतही कळतो.

फेडिंगही फेडरवर करू नका. एकदा तुकडा संपवताना फेडर हळूहळू खाली आणला आणि सगळा ऑर्केस्ट्रा मागच्या भिंतीतून बाहेर निघून गेल्यासारखा झाला. नाटकात ते एका ठिकाणी मुद्दाम वापरलं, ती गोष्ट वेगळी.

प्री-फेडर सेंडची एक खोडही आहे. ट्रॅकचा पॅन त्यात जात नाही, रिव्हर्बला वाद्य मधोमध बसलेलंच दिसतं. म्हणून पॅन आणि रुंदी ट्रॅकच्या कळीवर न ठेवता एफएक्सच्या साखळीतच प्लगइनने ठेवायची. क्रम असा: वाद्य, मग साफसफाईचा ईक्यू (सूर कमीजास्त करणारं प्लगइन), मग रुंदी, मग पॅन, शेवटी तो २ डेसिबलचा शेल्फ. त्यानंतर सेंड.

रिव्हर्बचे ट्रॅक चारच. पहिली परावर्तनं, म्हणजे भिंतींवरून आधी परतणारे आवाज, तीन (जवळची, मधली, लांबची) आणि सगळ्यांना मिळून एक शेपूट, म्हणजे नंतर विरत जाणारा घुमारा. हॉलचा इम्पल्स रिस्पॉन्स (जागेच्या घुमण्याचा रेकॉर्ड केलेला ठसा) यॉर्क विद्यापीठाच्या ओपनएअर संग्रहातून फुकट मिळतो. तिथे चर्च आणि कॅथेड्रल भरपूर आहेत, त्यांच्या मोहात पडायचं नाही, दोन सेकंदांच्या आतली जागा शोधायची. ती फाइल जशीच्या तशी लावायची नाही. रीपरमध्ये एका ट्रॅकवर ठेवायची आणि अगदी सुरुवातीला जो उंच टोकदार खिळा दिसतो तो कापायचा. तो सरळ आवाज आहे, आपल्याकडे तो वाद्याचा आहेच. राहिला तर तोच आवाज दोनदा येतो आणि प्रमाणाचं सगळं गणित बिघडतं. मग ८० मिलिसेकंदांवर फाइल तोडायची, तोडीवर १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड. पहिला तुकडा परावर्तनांचा, दुसरा शेपटाचा. शेपटाच्या तुकड्याआधी ८० मिलिसेकंद शांतता तशीच ठेवून रेंडर करा, नाहीतर शेपूट परावर्तनांच्या आधीच धावत येते. दोन्ही तुकडे रीव्हर्बमध्ये (ReaVerb, रीपरचं स्वतःचं, इम्पल्स वापरणारं प्लगइन) घालायचे, ड्राय (मूळ आवाज) पूर्ण बंद, वेट (रिव्हर्बचा आवाज) शून्य डेसिबलवर. ड्राय चुकून उघडा राहिला की पॅन केलेलं वाद्य पुन्हा पुढे येतं आणि कारण सापडायला तास जातो.

तिन्ही परावर्तनांना प्रीडिले (सरळ आवाजानंतर परावर्तन सुरू व्हायचा उशीर) वेगळा. इथे तयार प्रीसेट बघून बरेच जण उलट करतात: दूरच्याला जास्त प्रीडिले. जवळच्या वाद्याचा सरळ आवाज लगेच पोचतो आणि भिंतीचा आवाज बऱ्याच वेळाने, म्हणून प्रीडिले जास्त. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या वाद्याचे दोन्ही आवाज जवळजवळ सोबतच निघतात, म्हणून कमी. आम्ही जवळच्याला २५, मधल्याला १५ आणि लांबच्याला ८ मिलिसेकंद ठेवले. शेपटाला खालून २०० हर्ट्झच्या आतलं आणि वरून ६.५ किलोहर्ट्झच्या पुढचं कापून टाकलं. बेसचे डबे आधीच घुमतात, त्यांना हॉलचा घुमारा आणखी नको.

शेपूट आधी २ सेकंद ठेवली होती. कनातीच्या आत स्वतःचा असा हॉल काही नसतो, कापड आणि माणसं सगळं पितात, म्हणून रेकॉर्डमधला रिव्हर्ब लागतो हे खरं. पण नाटकात संगीताचा ठोका पडला की पुढच्याच क्षणी वाक्य येतं, आणि रंगमंचावरचे माइक उघडे असतात. दोन सेकंदांची शेपूट वाक्याचे पहिले चार शब्द खाते. १.४ ला ते सुटलं. शेपटीचा शेवटचा बारीक भाग तसाही जनरेटर आणि गर्दीच्या आवाजाखाली जातो. मैदानात जागेचा भास टिकवतात ती पहिली परावर्तनं, म्हणून शेपटापेक्षा ती २ ते ३ डेसिबल वर ठेवली.

आता बसवणूक. डोळ्यांसमोरचा नेहमीचा ऑर्केस्ट्रा धरला: डावीकडे पहिली व्हायोलिनं, त्यांच्या आत दुसरी, मग व्हिओला, उजवीकडे चेलो, त्यांच्या मागे डबल बेस. मधे लाकडी सुषिर, मागे पितळी, शेवटी तालवाद्यं. आधी व्हायोलिनं ४ मीटरवर होती. पण पहिली जागा ऑर्गन आणि तबल्याची आहे, ती खरी वाद्यं कोरडी आणि जवळची वाजतात, आणि व्हायोलिनं त्यांच्यात घुसली. म्हणून सगळ्यांना दोन मीटर मागे ढकललं. तालवाद्यं त्या हिशेबाने १४ वर जायची, ती मात्र फार ओली झाली, १२ वरच अडवली.

पहिली व्हायोलिनं: ६ मीटर, फेडर उणे १.६, डावीकडे ४० टक्के, रुंदी ६० टक्के.
दुसरी व्हायोलिनं: ७ मीटर, उणे २.९, डावीकडे २०, रुंदी ५०.
व्हिओला: ७.५ मीटर, उणे ३.५, उजवीकडे १५, रुंदी ५०.
चेलो: ७ मीटर, उणे २.९, उजवीकडे ३५, रुंदी ५०.
डबल बेस: ९ मीटर, उणे ५.१, उजवीकडे २०, रुंदी ३०.
बासरी, ओबो, क्लॅरिनेट, बॅसून: १० मीटर, उणे ६, मधे दोन्हीकडे १० ते १५, प्रत्येकाची रुंदी १५ ते २०.
हॉर्न: १२ मीटर, उणे ७.६, डावीकडे ३०, रुंदी ३०.
ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्युबा: १२ मीटर, उणे ७.६, उजवीकडे २५, रुंदी ३०.
टिंपनी आणि बाकी तालवाद्यं: १२ मीटर, उणे ७.६, मधे, रुंदी ४०.

हे कोरड्या संचांचे आकडे. तंतुवाद्यं 'जवळच्या' परावर्तनाला जोडलेली, डबल बेस आणि सुषिर 'मधल्या'ला, बाकी 'लांबच्या'ला. ओल्या संचातल्या वाद्याला फेडर शून्य डेसिबलवर, परावर्तनाचा सेंड बंद, आणि शेपटाचा सेंड कोरड्याच्या १० डेसिबल खाली, एवढा की दोघं एकाच छपराखाली आहेत असं वाटावं.

हॉर्न आणि ट्रंपेट एकाच अंतरावर असून एकच प्रीसेट का चालत नाही? हॉर्नची घंटा वादकाच्या मागे तोंड करून असते, श्रोत्याकडे येतो तो मुख्यतः मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोनची तोंडं सरळ समोर. ट्युबाचं वर. म्हणून हॉर्नला 'लांबच्या' परावर्तनाचा सेंड ३ डेसिबल जास्त, ट्रंपेटला २ डेसिबल कमी. एवढ्या फरकाने हॉर्न मऊ होतो आणि ट्रंपेट चमकतो, अंतर न बदलता. तयार प्रीसेटच्या यादीत बऱ्याचदा 'ब्रास' एवढंच असतं आणि चौघंही एकाच साच्यात.

रुंदीबद्दल थोडं. कोरड्या संचातली एकटी बासरी बऱ्याचदा डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पसरलेली असते, म्हणजे बारा फुटांची बासरी. ती आकसायलाच हवी. पण आकसताना मोनोत ऐका, कारण रुंदी कमी करणं म्हणजे डावं-उजवं एकमेकांत मिसळणं, आणि दोन माइकमध्ये वेळेचा फरक असेल तर सूर पोकळ होतो. तसं झालं तर आकसण्याऐवजी फक्त डावं चॅनेल घ्या आणि तेच मधे ठेवा.

पॅन ४० टक्क्यांच्या पुढे का नेला नाही, त्याचंही कारण मोनोच. दोन्ही चॅनेल एकत्र केले की टोकाला बसवलेलं वाद्य मधल्या वाद्याच्या तुलनेत मागे पडतं, उणे ३ डेसिबलच्या पॅन लॉला (मधे बसलेल्या वाद्याचा आवाज किती उतरवायचा तो नियम) ३ डेसिबलने आणि शून्याच्या लॉला ६ डेसिबलने. मूळ प्रीसेटची 'फार लेफ्ट' व्हायोलिनं मंडईत गायब होत होती ती म्हणून. त्याहून वाईट आहे ते कानांमधल्या वेळेच्या फरकावर चालणारं पॅनिंग, जे हेडफोनसाठीच्या बायनॉरल प्रीसेटमध्ये असतं. ०.६ मिलिसेकंदांचा फरक मोनोत मिसळला की पहिला खड्डा ८३३ हर्ट्झवर आणि दुसरा २५०० वर पडतो. व्हायोलिनच्या वरच्या सप्तकाचा गाभाच तिथे असतो. असे प्रीसेट आम्ही यादीतून काढूनच टाकले. हेडफोनवर ते सगळ्यात भारी वाजतात, म्हणून हात पुन्हा पुन्हा तिकडेच जातो.

साठवण्यात दोन फसगती. रीपरमध्ये एफएक्स चेन म्हणून साठवलं की प्लगइन आणि त्यांचे आकडे साठतात, पण सेंड, फेडर आणि ट्रॅकची नावं साठत नाहीत. आपला तर सगळा खेळच सेंड आणि फेडरवर. म्हणून वाद्यांचे ट्रॅक आणि रिव्हर्बचे चारही ट्रॅक एकदम निवडून 'ट्रॅक टेम्प्लेट' म्हणून साठवा. दुसरं, रीव्हर्ब इम्पल्सची फाइल आपल्या पोटात ठेवत नाही, फक्त तिचा पत्ता ठेवतो. पेनड्राइव्हवरून लावलेली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर सापडत नाही आणि सगळं कोरडंठाक वाजतं. फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरात आधी कॉपी करा, मग लावा.

रिव्हर्ब प्रत्येक ट्रॅकवर न लावता चारच ठेवल्यामुळे प्रोसेसर दमत नाही, रॅम मात्र संच खातात. एक गट लिहून झाला की 'फ्रीझ' करायचा, म्हणजे त्याची आवाजाची फाइल होते आणि रॅम मोकळी. वाजवून रेकॉर्ड करताना बफर २५६ सॅम्पल, मिक्सला १०२४. लाइट गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो ते एका अर्थी बरंच, इन्व्हर्टरवर अॅडॉप्टर लावला की कधी कधी हेडफोनमध्ये बारीक घरघर शिरते आणि शेपटीचा शेवट ऐकू येत नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत खालचे सूर स्पीकरवर पारखू नका. बारा फूट लांबीत ४७ हर्ट्झ आणि दहा फुटांत ५६ हर्ट्झ फुगतात, गाद्यांनी तिथे काही फरक पडत नाही. टिंपनी आणि डबल बेस हेडफोनवर तपासा, आणि अंतर स्पीकरवर. नंतर मास्टरची मोनो कळ दाबून सगळे तुकडे पहिल्यापासून. मोनोत डोळे मिटून तीन ओळी वेगळ्या कळल्या पाहिजेत: पुढे तंतू, मधे बासरी, मागे हॉर्न. डावं-उजवं कळलं नाही तरी चालेल, पुढे-मागे कळलंच पाहिजे. नाही कळलं तर फेडर तपासा, ईक्यू नाही.

शेवटची परीक्षा खळ्यावर. गावातल्या बिछायत केंद्रातून एक टॉप आणि एक बेस घेतला, धान निघून गेल्यावर रिकाम्या खळ्यात ठेवला आणि पंधरा मीटरवर उभं राहून ऐकलं. चार तुकड्यांत लाकडी सुषिर बुडालेले निघाले, त्यांना १० वरून ८.५ मीटरवर आणलं, म्हणजे फेडर उणे ४.६. टिंपनीला ३ किलोहर्ट्झपाशी २ डेसिबल वाढवलं. बाकी तसंच राहिलं.

देताना ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटच्या वेव्ह फाइली आणि सोबत ३२० केबीपीएसच्या एमपी३, कारण पेनड्राइव्ह घेणारे काही मिक्सर वेव्ह उघडतच नाहीत. १२८ ला उतरवू नका, सगळ्यात आधी शेपूटच खरखरते. ठोक्यांचे तुकडे आणि खाली वाजत राहणारे तुकडे वेगळ्या फोल्डरात, नावात प्रवेशाचा आकडा आधी.

आणि वायर. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून निघालेली ३.५ मिमीची स्टिरिओ वायर, दुसऱ्या टोकाला दोन काळ्या रेघांची मोठी जॅक पिन, ती मिक्सरच्या एकाच बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसली, की मिक्सर डाव्यातून उजवं वजा करतो. मधे बसलेलं सगळं नाहीसं होतं: टिंपनी गेली, ट्रॉम्बोनचा दणका गेला, उरला फक्त दोन बाजूंना पसरलेला हॉल. एवढी मेहनत करून भिंती तेवढ्या ऐकू येतात. वादकाला दोष, प्रीसेटला दोष, साउंडवाल्याशी वाद, आणि चूक पिनेची. अशा वेळी मोनो फाइल वाजवून बघितली तर तीही वाजत नाही, कारण डावं-उजवं सारखं असलं की वजाबाकी शून्य. तीच खरी खूण आहे. एका ३.५ मिमीच्या स्टिरिओ पिनेतून दोन एका रेघेच्या मोनो जॅक पिना निघणारी वाय वायर घ्या, दोन वेगळ्या चॅनेलमध्ये लावा, दोन्हीचे पॅन मधे. आणि ती वायर साउंडवाल्याच्या पेटीत मिळेल या भरवशावर राहू नका, दोन आपल्याच पिशवीत ठेवा.